परदेशी पाहुणे सफारी करून थेट विमानतळ गाठतात, नागपुरात खर्च का करत नाहीत?

सिल्लारीजवळ तुमचा होमस्टे आहे, परदेशी पाहुणे पेंच व्याघ्रप्रकल्प बघून परस्पर निघून जातात आणि म्हणून दर उतरवावेत का, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते दर उतरवू नका. अडचण दराची नाहीच.

परदेशी माणसाचा खर्च दोनदा ठरतो. विमान, मुक्काम, सफारी हे घरी बसूनच ठरतं आणि ते त्याच्या मनातल्या चित्रावर ठरतं. आपल्याकडचं चित्र म्हणजे वाघ. त्यात नागपूर नसतंच, असतो फक्त विमानतळ. त्यामुळे तो आल्यावर 'एक दिवस थांबा' म्हणून उपयोग नाही, परतीचं तिकीट झालेलं असतं. नागपूरचा दिवस बुकिंगच्या पहिल्याच उत्तरात सुचवा. जपान, थायलंड, श्रीलंकेच्या बौद्ध पाहुण्यांच्या मनातलं चित्र वेगळं असू शकतं. बाबासाहेबांनी 14 ऑक्टोबर 1956 ला जिथे धम्मदीक्षा घेतली ती दीक्षाभूमी आणि कामठीचं ड्रॅगन पॅलेस त्यांना आधी सांगा, वाघ नंतर.

दुसरा खर्च इथे आल्यावर खिशातून होतो, आणि तो विश्वासावर चालतो. विश्वास मोडतो तो बहुतेक वेळा आपल्याच आश्वासनानं. 'वाघ नक्की दिसेल' म्हटलं, एकच सफारी घेतली आणि वाघ दिसला नाही, की पाहुणा टिपेपासून खरेदीपर्यंत सगळीकडे हात आखडता घेतो. त्याऐवजी तीन-चार सफाऱ्या सुचवा, रानगवा आणि रानकुत्र्यांबद्दलही लिहा. गेटवर मूळ पासपोर्ट लागतो, सफारीच्या जिप्सीत मोबाइल वापरता येत नाही, कोअर म्हणजे जंगलाच्या गाभ्याचं क्षेत्र पावसाळ्यात बंद असतं, हे पैसे घेण्याआधीच कळवा. बुकिंगमधला पासपोर्ट क्रमांक एका अंकानं चुकला तरी गेटवर खोळंबा होतो आणि सकाळचा तो अर्धा तास पाहुणा विसरत नाही.

गाडीवाल्यानं आधी एक आणि उतरताना दुसरा आकडा सांगितला, तर पुढच्या प्रत्येक भावावर संशय येतो. म्हणून गाडी, जेवण, गाईडची टीप असे सगळे आकडे एकाच छापील कागदावर द्या.

पैसे देण्याची सोयही बघा. भिंतीवरचा क्यूआर कोड परदेशी पाहुण्यांच्या कामाचा नसतो, परदेशी बँकेच्या खात्यावरून आपलं यूपीआय सहसा चालत नाही. कार्ड मशीनवर परदेशी कार्ड चालू करून देण्यासाठी बँकेकडे वेगळं विचारावं लागतं. एटीएममधून बहुतेक वेळा पाचशेच्या नोटा मिळतात, म्हणून पन्नास-शंभरच्या सुट्या नोटांची गड्डी गल्ल्यात ठेवाच. दहा रुपयांच्या चहासाठी कोणी पाचशे मोडत नाही, तो चहाच टाळतो.

खरेदीत आपण सगळ्यात जास्त गमावतो. कोशाची, म्हणजे टसर रेशमाची, करवतीच्या दात्यांसारख्या काठाची करवतकाठी साडी सुंदरच, पण साडेपाच मीटर कापडाचं परदेशी बाई करणार काय? त्याच करवती काठाची दोन मीटरची स्टोल ठेवा. सोबत जाड कागदाची चिठ्ठी बांधा: धागा कोणता, विणली कुठे, धुवायची कशी, किंमत किती. शक्य असेल तर आधी माग दाखवा. धोट्याची ये-जा आणि काठाचे दाते जुळताना पाहिले की घासाघीस आपोआप कमी होते. हातातल्या बॅगेला बहुधा सात किलोंची मर्यादा असते, तेव्हा जड वस्तू पुढे करू नका. ताजी संत्री कित्येक देशांत नेता येत नाहीत, ती इथेच सोलून खायला द्या. संत्रा बर्फी द्यायची तर तारीख छापलेला डबा द्या.

जेवणात सावजी जरूर ठेवा, पण तर्री वेगळ्या वाटीत आणि पहिल्या रात्री नको. पोट बिघडलं की पुढचे दोन दिवस तो बाहेरचं काहीच घेत नाही.

आणि एक वही घाला: पाहुण्याचा देश, किती रात्री राहिला, कशावर किती खर्च, काय घ्यायचं राहून गेलं. हे शेवटचं तो निघताना विचाराच. सरासरी काढताना एखादी महागडी साडी नेणारा पाहुणा वेगळा धरा, नाहीतर आकडा फुगतो.