ऊर्जा 'दक्षता', 'बचत' की 'कार्यक्षमता'?

नैसर्गिक वायूपासून मिथेनॉल तयार करणाऱ्या संयंत्रावरील टिपणाचे मराठीकरण करणाऱ्या एका वाचकाने विचारले आहे की, मूळ हिंदी मजकुरातील 'ऊर्जा दक्षता' हा शब्द तसाच ठेवावा, की त्याऐवजी 'ऊर्जाबचत' लिहावे. माझ्या मते येथे हे दोन्ही शब्द टाळावेत.

संस्कृतात 'दक्ष' म्हणजे कुशल, आणि हिंदीने तोच अर्थ पुढे नेला. केंद्र सरकारच्या 'ऊर्जा दक्षता ब्यूरो' या संस्थेचे हिंदी नाव त्यातूनच आले आहे. मराठीत मात्र हा शब्द सावधपणाकडे वळला. 'दक्षता समिती', 'दक्षता पथक', 'योग्य ती दक्षता घ्यावी' या प्रयोगांची सवय असलेल्या वाचकाला 'संयंत्राची ऊर्जा दक्षता' म्हणजे वायुगळतीवरची नजर वाटेल, आणि ज्वलनशील वायूच्या कारखान्याबाबत हा गैरसमज अगदी सहज होणारा आहे.

'बचत' सोपा आणि आपला शब्द आहे, पण येथे तो अपुरा पडतो. उत्पादन निम्मे केले तरी ऊर्जा वाचतेच. टिपणाला सांगायचे आहे ते गुणोत्तर. शिवाय या उद्योगात नैसर्गिक वायू हे इंधन आहे तसाच तो कच्चा मालही आहे. मिथेन आणि वाफ यांच्यापासून निकेल उत्प्रेरकावर सुमारे 850 अंश सेल्सिअस तापमानाला कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन मिळवताना भरपूर उष्णता पुरवावी लागते, तर पुढे तांबे-जस्तयुक्त उत्प्रेरकावर 250 अंशांच्या आसपास त्यांचे मिथेनॉल होताना उष्णता बाहेर पडते. ती उष्णता आणि भट्टीतून निघणाऱ्या धूरवायूंची उष्णता वाफ तयार करण्यासाठी किती परत मिळवली, यावर हिशोब बराचसा ठरतो. एक टन मिथेनॉलसाठी ढोबळमानाने 30 गिगाज्यूल ऊर्जेचा वायू लागतो आणि त्यातले सुमारे 20 गिगाज्यूल त्या मिथेनॉलमध्येच साठून राहतात. दोन-तृतीयांशाचे हे प्रमाण सांगायला पदार्थविज्ञानाच्या पुस्तकांतून रुळलेला 'कार्यक्षमता' हाच शब्द हवा.

तो वापरताना 'कार्य' गाळू नये. 'संयंत्राची क्षमता वाढवली' असे लिहिले तर दररोज अधिक टन मिथेनॉल निघू लागले, असा अर्थ होतो. 'ऊर्जेची कार्यक्षमता' ही रचनाही मला खटकते, कारण कार्यक्षम असते ते संयंत्र किंवा वापराची पद्धत, ऊर्जा नव्हे. म्हणून शीर्षकात 'मिथेनॉलनिर्मितीतील ऊर्जावापराची कार्यक्षमता' असे लिहावे; आणि दर टनामागे किती ऊर्जा लागते हे सांगायचे असेल तेथे सरळ 'प्रतिटन ऊर्जावापर' म्हणावे, म्हणजे कार्यक्षमता वाढली की हा आकडा उतरतो, हे वाचकाला वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.