आग्या मोहोळ औषधाने पाडलं आणि काकडी धरेना: इंदूरच्या गच्चीसाठी उत्तर

ताई, सुदामानगरच्या गच्चीवर ड्रममध्ये दुधी, काकडी, गिलकी (घोसाळी) आणि वांगी लावलीत, फुलं भरपूर येतात, पण फळ बोटाएवढं होऊन पिवळं पडतं आणि गळतं. महिन्यापूर्वी छज्जाखालचं आग्या मोहोळ सोसायटीने औषध मारून पाडलं, असंही तुम्ही लिहिलंय. हे दुखणं आमच्याकडेही येऊन गेलंय, म्हणून सविस्तर लिहितो. माती, खत, पाणी तुम्ही सांभाळताच असं धरून चालतो.

आधी गळालेलं फळ उभं चिरून बघा. सालीवर टोचल्याची खूण, डिंकाचा थेंब आणि आत अळी असेल तर ती फळमाशी. त्यावर वेलवर्गीय भाज्यांसाठी मिळणारा कामगंध सापळा (वासाने फळमाशीला ओढून पकडणारा) लावा. आत स्वच्छ असेल आणि फळ टोकाकडे निमुळतं होत सुकलं असेल, तर परागीभवन झालेलं नाही किंवा अर्धवट झालंय. एका काकडीत शेकडो बिया असतात, म्हणून मादी फुलावर मधमाशीच्या बऱ्याच फेऱ्या व्हाव्या लागतात. एक-दोन फेऱ्यांत वाकडी काकडी मिळते.

मोहोळ गेल्याचा फटका काकडीला आणि गिलकीला बसतो, दुधीला तितका नाही. दुधीचं पांढरं फूल संध्याकाळी उमलतं आणि त्यावर मुख्यतः रात्रीचे पतंग येतात. त्यामुळे हाताने परागीभवन करायचं तर दुधी आणि दोडक्याचं दिवेलागणीला, काकडी, गिलकी, कारलं, भोपळा यांचं सकाळी नऊच्या आत. ताजं नर फूल तोडा, पाकळ्या काढा आणि परागाचा दांडा मादी फुलाच्या मधल्या भागावर सगळीकडून हलका फिरवा. एक नर फूल दोन-तीन मादी फुलांना पुरतं. केलेल्या फुलाला दोरा बांधा. चार-पाच दिवसांत फळ फुगायला लागलं की जमलं. जाता जाता एक सूचना: पॉलिहाऊससाठीचं, परागाशिवाय फळ धरणारं काकडीचं बी मिळतं. ते लावलं तर काकडीपुरता हा खटाटोप वाचतो.

आता मोहोळाबद्दल, कारण खरं नुकसान तिथेच होतं. नागरिकांसाठी असलेल्या एका कार्यालयात विचारलं की ते दुसऱ्या टेबलाकडे पाठवतात, तिथे ‘पेटीवाल्याला (पेटीत मधमाश्या पाळणाऱ्याला) बोलवा’ म्हणतात आणि शेवटी पेस्ट कंट्रोलचा नंबर हातात देतात. पेटीचा सल्ला मुळातच चुकीचा आहे. सातेरी आणि मेलिफेरा या पाळीव जातींच्या मधमाश्या पोकळीत घर करतात, म्हणून त्या पेटीत राहतात. आग्या माशी उघड्यावर एकच मोठं पोळं लटकवते. ती पेटीत टिकत नाही. देशात १९६२ पासून पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन आणि प्रशिक्षण संस्था आहे, २०२० पासून केंद्राचं मधमाशी आणि मध अभियान आहे, तरी शहरातल्या कार्यालयाच्या खिडकीवर एवढी साधी गोष्ट कुणी सांगत नाही, याचा मला मनापासून राग येतो.

औषधाने प्रश्न सुटतही नाही. आग्या माश्या ऋतूप्रमाणे स्थलांतर करतात आणि सोयीच्या जागी पुन्हा येतात. तुमच्या छज्जाला मेणाचे डाग राहिले असतील तर त्या वासाने पुढची झुंड तिथेच उतरायची शक्यता असते. म्हणून मेण खरवडून काढा, साबणाच्या पाण्याने धुवा, वरून रंग द्या. फवारलेल्या पोळ्यातला मध कुणालाही खाऊ देऊ नका.

पुढच्या वेळी पोळं उंचावर असेल आणि कुणाच्या हाताशी येत नसेल तर राहू द्या. फुलोरा संपला की त्या आपणहून जातात. तोवर जवळचे दिवे रात्री बंद ठेवा, कारण डिवचलेल्या माश्या अंधारात उजेडाकडे झेपावतात. खालून धूर किंवा दगड अजिबात नको. शाळा, जिना किंवा आजारी माणसाची खिडकी जवळ असेल तरच जाणत्या मधाळ्याकडून (पोळं उतरवणाऱ्याकडून) रात्री काढून घ्या. (मी डॉक्टर नाही. पण डंख लागला तर काटा लगेच खरवडून काढा, आणि बरेच डंख असतील किंवा दम लागला तर घरगुती उपाय न करता थेट दवाखाना गाठा.)

आता फवारणी. नर्सरीत माव्यासाठी (रस शोषणाऱ्या किडीसाठी) इमिडाक्लोप्रिड किंवा डायमेथोएट हे कीटकनाशक हातात ठेवतात. दोन्ही झाडात भिनतात आणि परागात, मधुरसात उतरतात. ‘फुलावर नाही, मातीत टाकलं’ असं म्हणून सुटका नाही. युरोपीय संघाने २०१८ मध्ये इमिडाक्लोप्रिडचा उघड्यावरचा वापर बंद केला तो मधमाश्यांसाठीच. माझं मत कडक आहे: गच्चीवर ही बाटली नकोच. लिटरभर पाण्यात ५ मिली नीम तेल आणि थोडा द्रव साबण घाला, पानांच्या खालच्या बाजूने मारा. ‘संध्याकाळी फवारा’ हा नियम काकडीला ठीक आहे, दुधीला उलटा पडतो, कारण तिचं फूल तेव्हाच उघडतं. दुधीवर सकाळी, कालची फुलं मिटल्यावर, ऊन चढायच्या आत मारा आणि शेजारच्या काकडीवर शिंतोडे जाऊ देऊ नका.

वांग्याचा हिशेब वेगळा. त्याचा पराग बारीक छिद्रातून पडतो, तो अंग थरथरवून झाडायला भुंगा लागतो. मधमाशीला ते जमत नाही. भुंगा सुक्या लाकडात आणि बांबूत घर करतो, तेव्हा जुना ओंडका किंवा जाड बांबूचे तुकडे भिंतीच्या आडोशाला, पाऊस लागणार नाही असे आडवे बांधा. तोवर फुलाचा देठ सकाळी बोटाने टिचकवा. जवळ तुळस, सब्जा फुलू द्या, मेथी-कोथिंबिरीची दोन-चार झाडं न खुडता फुलोऱ्यावर सोडा, आणि उथळ ताटलीत खडे घालून पाणी ठेवा. इंदूरच्या मे महिन्यात ती ताटली दिवसातून दोनदा भरावी लागेल.

आणि सोसायटीच्या बैठकीत मोहोळाचा विषय पावसाळ्यातच, पोळं नसताना काढा. पोळं लटकल्यावर सगळे घाबरलेले असतात, तेव्हा कुणी ऐकून घेत नाही.