नोकरी सोडून पूर्णवेळ चित्रकार व्हायची हिंमत या दिवसांत कशी करावी?

तुमचं वय 31, पुण्यात नोकरी, बाजूने करत होतात ती इलस्ट्रेशनची कामं एआयमुळे आटली, घरचे घाबरलेत. अशा वेळी तैलरंगात पूर्णवेळ काम करायची हिंमत आणायची कुठून, असा तुमचा प्रश्न आहे. माझ्या मते ही भीती बरीचशी हिशेब न मांडल्यामुळे असते. महिन्याला नेमके किती रुपये लागतात हे ठाऊक नसलं की प्रत्येक विचार 'उपाशी मरू' इथपर्यंत जातो. म्हणून आधी वही काढा.

उदाहरणादाखल: भाडं, किराणा, वीज, प्रवास मिळून 22,000. रंग-कॅनव्हास 4,000. वर्षातून एकदाच येणारे खर्च (विम्याचा हप्ता, फ्रेमिंग, स्पर्धांची प्रवेशशुल्कं, सणवार, दुरुस्ती) साधारण 60,000, म्हणजे महिन्याला 5,000. एकूण 31,000. हा शेवटचा भाग लोक हमखास विसरतात आणि सातव्या-आठव्या महिन्यात गाडी अडते. आता समजा शनिवार-रविवारच्या चित्रकला वर्गात 12 मुलं आहेत आणि प्रत्येकाची महिन्याची फी 1,200 आहे; ते झाले 14,400. उरतात 16,600. तुम्हाला जी हिंमत हवी आहे ती एवढ्या रकमेची. शिवाय पूर्ण वर्षाचा खर्च, इथे 3,72,000, बँकेत बाजूला असल्याशिवाय राजीनामा देऊ नका. गृहकर्ज किंवा आईवडिलांचं औषधपाणी तुमच्यावर असेल तर दीड वर्षाचा.

वर्गाला नाक मुरडू नका. एलिमेंटरी-इंटरमिजिएट या सरकारी चित्रकला परीक्षांच्या आधीचे तीनेक महिने पालक स्वतः शोधत येतात, कारण इंटरमिजिएट पास झालं की दहावीला वाढीव गुण मिळतात. परीक्षा झाली की निम्मी मुलं गळतात, हे मात्र बजेटमध्ये धरा. फी तिमाही घ्या, महिन्याची नको.

आता चित्राची किंमत. आपल्याकडे चौरस इंचाचा दर लावायची पद्धत आहे आणि नवे लोक तिथेच फसतात. 25 रुपये दराने 18×24 इंचाचं चित्र 10,800 ला जातं, ते ठीक. पण 8×10 चं चित्र 2,000 ला आणि 36×48 चं 43,200 ला जातं. छोट्या चित्रात फ्रेमचेही पैसे नीट सुटत नाहीत आणि मोठं चित्र नवख्या माणसाकडून कुणी त्या भावात घेत नाही. त्यापेक्षा लांबी अधिक रुंदी करून 250 ने गुणा: 8×10 चे 4,500, 18×24 चे 10,500, 36×48 चे 21,000. सुरुवातीला ही पद्धत जास्त न्याय्य आहे. एकदा ठरवलेला भाव घरी, गॅलरीत, इन्स्टाग्रामवर सारखाच ठेवा. गॅलरीत 10,500 आणि घरी 6,000 असं कळलं की गॅलरीवाला परत उभं करत नाही.

गॅलरीचं कमिशन 40 टक्के धरलं तर 10,500 मधले 6,300 हातात येतात. म्हणजे ती 16,600 ची तूट भरायला महिन्याला तीन चित्रं विकली गेली पाहिजेत. पहिल्या वर्षी बहुतेकांना हे जमत नाही, आणि त्यावरून 'माझ्यात दम नाही' असा निष्कर्ष काढू नये. ती तूट पोर्ट्रेट आणि भिंतीची कामं भरून काढतात.

पोर्ट्रेटसाठी निम्मे पैसे आधी घ्या. कच्चं रेखाटन दाखवून होकार लेखी घ्या, व्हॉट्सअॅपवर चालेल. बदल फक्त रेखाटनाच्या टप्प्यावर, तेही दोनदाच. एक कायदेशीर गोष्ट फार थोड्यांना माहीत असते: 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 17 नुसार पैसे घेऊन कुणाच्या सांगण्यावरून काढलेल्या चित्राचा कॉपीराइट, वेगळा करार नसेल तर, काढून घेणाऱ्याकडे जातो. पुढे त्याच चित्राचे प्रिंट विकायचे असतील तर आधीच एक ओळ लिहून घ्या. स्वतःहून काढलेलं चित्र विकलं तर कॉपीराइट तुमच्याकडेच राहतो. कॅनव्हास गेला तरी हक्क जात नाही.

भिंतीचा दर चौरस फुटावर सांगा आणि परांचीचं भाडं वेगळं. काम घेण्याआधी भिंतीवर फूटभर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून 24 तास ठेवा. आतून पाणी सुटलेलं दिसलं तर रंग लावू नका. ओलीबरोबर क्षार वर येतात, पांढरी बुरशीसारखी पूड धरते, रंगाचे पापुद्रे निघतात आणि दोष तुमच्या माथी येतो. नवा गिलावा किमान 28 दिवस वाळू द्यायचा.

सामानात कुठे वाचवायचं आणि कुठे नाही, हेही हिमतीचाच भाग आहे. विकलेलं चित्र दोन वर्षांनी तडकून परत आलं की उमेद जाते. तयार ताणलेले कॅनव्हास न घेता रोल आणि लाकडी चौकट घ्या, स्वतः ताणा आणि जेसोचे (रंगाखाली लावायच्या पांढऱ्या अस्तराचे) दोन-तीन पातळ हात द्या, प्रत्येक हात वाळल्यावर पॉलिश पेपर मारून. टायटॅनियम व्हाइट, अल्ट्रामरीन, बर्न्ट सिएना, यलो ओकर आणि एक चांगला लाल एवढ्यात बरंच काम निघतं; पांढरा मोठ्या ट्यूबमध्ये घ्या. लाल घेताना ट्यूबवरचा रंगद्रव्याचा क्रमांक वाचा. अलिझरिन क्रिमसनचा पीआर 83 उजेडात फिका पडतो. त्याऐवजी क्विनाक्रिडोन घ्या, थोडा महाग पडला तरी. पहिले थर टर्पेंटाइन घालून पातळ, वरचे थर जवसाच्या तेलाचे. उलटं केलंत तर खालचा तेलकट थर हळू वाळतो, वरचा आधी ताठ होतो आणि भेगा पडतात. अॅक्रिलिकवर तैलरंग चालतो, तैलरंगावर अॅक्रिलिक नाही. व्हार्निश सहा महिन्यांनी. पाठवताना रंगाला बबलरॅप थेट लावू नका, उन्हात ट्रकमध्ये त्याचे वण उठतात. आधी ग्लासिन कागद (गुळगुळीत, रंगाला न चिकटणारा). आणि पावसाळ्यात चित्र बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नका. मागे बुचाचे तुकडे लावून हवा खेळती ठेवा, नाहीतर ऑगस्टपर्यंत कॅनव्हासच्या पाठीवर बुरशी चढते.

प्रदर्शनाबद्दल थोडक्यात: पहिलं एकल प्रदर्शन कर्ज काढून करू नका. मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीची तारीख मिळायला वर्षं लागतात. अर्ज जरूर टाकून ठेवा, पण तिच्यावर राजीनाम्याचा महिना ठरवू नका. तोवर बॉम्बे आर्ट सोसायटी (ही 1888 पासूनची), आर्ट सोसायटी ऑफ इंडिया, राज्य कला प्रदर्शन यांत चित्रं पाठवत राहा आणि तीन-चार जणांनी मिळून समूह प्रदर्शन करा. हॉलचं भाडं, पत्रिका, टेम्पो सगळं वाटून जातं. सांस्कृतिक मंत्रालयाची कनिष्ठ फेलोशिप 25 ते 40 वयात मिळू शकते, महिना 10,000, दोन वर्षं. पैसे सहामाही हप्त्यांत येतात, म्हणून ते मासिक हिशेबात धरू नका.

नोकरी ठेवून चित्र काढणं म्हणजे माघार, असं तुमच्या प्रश्नाच्या सुरात जाणवलं. ते मला अजिबात पटत नाही. प्रभाकर बरवे कित्येक वर्षं विणकर सेवा केंद्रात नोकरी करत होते. भूपेन खख्खर सनदी लेखापाल होते आणि बडोद्यात हिशेबाचं काम सांभाळून रंगवत. हुसेन यांनी सिनेमाची पोस्टरं रंगवली, लहान मुलांचं फर्निचर आणि खेळणी केली. 1947 मध्ये, फाळणीच्या धामधुमीत, मुंबईत प्रोग्रेसिव्ह ग्रुप हा नव्या चित्रकारांचा गट उभा राहिला तेव्हा त्यातले चित्रकार के. एच. आरा यांनी घरगडी म्हणून आणि मोटारी धुऊन पोट भरलं होतं. त्या मंडळींना आधार मिळाला तोही नाझींपासून जीव वाचवून इथे आलेल्या लँगहॅमर, श्लेसिंजर अशा माणसांचा. त्यांनी चित्रं पाहिली, शिकवलं, विकत घेतली. दर महिन्याला एकमेकांचं काम निर्दयपणे बघणारे तीन-चार जण तुम्हीही जमवा. एकट्याने खोलीत बसून हिंमत फार दिवस टिकत नाही.

तर राजीनाम्याआधी सहा महिने नोकरीतच राहून ही तालीम करा: सकाळचे दोन तास, आठवड्यातले सहा दिवस, फोन दुसऱ्या खोलीत. पॅलेट आदल्या रात्री लावून ठेवा. थांबताना अशा जागी थांबा की पुढचा हात कुठे मारायचा हे माहीत आहे. कोऱ्या कॅनव्हाससमोर सकाळ वाया जाते ती टळते. पगार येत असतानाही 31,000 वरच घर चालवा, उरलेलं साठवा. हे जमलं तर घरच्यांसमोर वही ठेवा, भाषण नको. त्याच वहीत परतीची रेघही आखा: शिल्लक चार महिन्यांच्या खर्चाखाली गेली की अर्धवेळ काम धरायचं. हे आधी ठरलेलं असेल तर त्या दिवशी लाज वाटत नाही आणि घरचेही बरेच नरमतात.

आणि कंपनीचा आरोग्य विमा राजीनाम्याबरोबर जातो. स्वतःची पॉलिसी दोन-तीन महिने आधी घ्या, कारण नव्या पॉलिसीत पहिले 30 दिवस अपघात सोडून दावा मिळत नाही आणि जुन्या आजारांना त्याहून बरीच लांब मुदत असते.