गॅबापेन्टिनची प्रौढांसाठीची मात्रा किती असते आणि ती दिवसातून एकदाच घेतली तर चालते का?
नागिणीनंतर मागे राहणाऱ्या मज्जातंतूंच्या वेदनेसाठी प्रौढांना साध्या (शरीरात हळूहळू सुटणाऱ्या प्रकारच्या नव्हे अशा) गॅबापेन्टिनची मात्रा सामान्यतः पहिल्या दिवशी ३००, दुसऱ्या दिवशी ६०० आणि तिसऱ्या दिवशी ९०० मिलिग्रॅम अशी वाढवत देतात आणि गरजेनुसार दिवसाला १,८०० पर्यंत नेतात. अपस्मारात ती याहून अधिकही असू शकते.

ही मात्रा एकदाच घेऊन भागत नाही, कारण आतड्यातील ज्या वाहक प्रथिनांमार्फत हे औषध शोषले जाते त्यांची क्षमता मर्यादित असल्याने मोठ्या मात्रेचा बराच भाग वाया जातो. म्हणून ती तीन वेळा विभागतात, आणि अपस्मारात दोन मात्रांमधील अंतर १२ तासांपेक्षा जास्त नसावे.

औषध मूत्रपिंडावाटेच बाहेर पडत असल्यामुळे मूत्रपिंडाचे कार्य मंदावलेले असल्यास, विशेषतः वृद्धांमध्ये, मात्रा कमी करावी लागते. सुरुवातीलाच रक्तातील क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे कार्य दाखवणारा घटक) तपासून घेणे म्हणूनच मला अत्यावश्यक वाटते. मद्य, झोपेच्या गोळ्या किंवा ओपिऑइड (अफूवर्गीय) वेदनाशामके सोबत घेतल्यास श्वसन मंदावू शकते. बरे वाटले तरी औषध अचानक थांबवू नये. डॉक्टरांच्या देखरेखीखाली किमान आठवडाभर हळूहळू कमी करावे.