दुसरं बाळ येतंय, 16 फुटी जुना ट्रेलर आता पुरणार नाही. मोठा जुना ट्रेलर घेताना काय बघावं?

तुम्ही लिहिलंय की न्यू जर्सीत राहता, साठच्या दशकातली 16 फुटी शास्ता आहे (म्हणजे त्या कंपनीचा, गाडीमागे ओढून न्यायचा आणि आत राहायची सोय असलेला कॅम्पिंगचा ट्रेलर), ऑक्टोबरमध्ये दुसरं बाळ येतंय, पुढच्या उन्हाळ्यात आई-बाबा सहा महिन्यांसाठी येतील आणि नवऱ्याच्या डोक्यात 31 फुटी एअरस्ट्रीम, म्हणजे तो चकचकीत ॲल्युमिनियमचा ट्रेलर, बसली आहे. तीन वर्षांपूर्वी आमच्या मिशिगनच्या घरात अगदी हाच गोंधळ चालू होता. आमचीही शास्ताच होती, मागे शोभेचे पंख असलेली, आणि तीही माझ्या नवऱ्याची जीव की प्राण. म्हणून जरा पाल्हाळ लावते.

किती फुटांचा घ्यायचा हा प्रश्न तूर्तास बाजूला ठेवा. रात्री दोन वाजता कोण उठतं आणि कुठून कुठे जातं, ते आधी कागदावर काढा.

शास्तात जेवायचं टेबल खाली उतरवलं की त्याचाच पलंग होतो, हे तुम्हाला माहीत आहेच. एक मूल असताना ते गोड वाटतं. पण बाळ साडेसातला झोपलं की टेबल गेलं. मग मोठी माणसं बाहेर डास मारत बसणार, पाऊस आला की गाडीत जाऊन बसणार. मोठा ट्रेलर घेताना 'सहा जण झोपतात' या जाहिरातीतल्या वाक्याला काही अर्थ नसतो. त्या सहामधल्या दोन जागा टेबल मोडून होतात, दोन सोफा ओढून होतात आणि कधीकधी एखादी वर टांगलेल्या कॅनव्हासच्या झोळीत असते, तिच्यात पाच-सहा वर्षांच्या मुलापलीकडे कोणी मावत नाही. तुम्ही मोजायच्या त्या दिवसा न मोडता तशाच राहणाऱ्या गाद्या. आम्हाला अशा तीन हव्या होत्या, बाकीच्या ओढून चालल्या असत्या.

साठ-सत्तरच्या दशकातल्या बऱ्याच मोठ्या एअरस्ट्रीममध्ये रचना अशी असते: पुढे ओढून रुंद होणारा सोफा, मग स्वयंपाकाचा ओटा, मध्ये दोन्ही भिंतींना एकेक अरुंद पलंग आणि अगदी मागे बाथरूम. चित्रात फार छान दिसतं. आता पुढच्या सोफ्यावर आजोबांना झोपवा. त्यांना रात्री दोनदा उठावं लागतं. म्हणजे रात्री दोनदा ते तुमच्या आणि नवऱ्याच्या पलंगांमधून, खाली ठेवलेल्या बाळाच्या पाळण्याला वळसा घालून, चाचपडत मागे जाणार. आमच्या सासूबाईंनी हे चित्र बघितल्याबरोबर सांगितलं, "मी घरीच राहते, तुम्ही जाऊन या." बाथरूम मधोमध असलेली रचनाही काही ट्रेलरमध्ये मिळते. पुढे एक बिऱ्हाड, मागे एक बिऱ्हाड, मध्ये दार. आजी-आजोबा येणार असतील तर मी फक्त तीच शोधेन.

आता गाडी. ट्रेलरच्या आधी गाडीचं गणित करा, इथेच सगळ्यांची फसगत होते. तीन रांगांच्या बऱ्याच क्रॉसओव्हर गाड्यांची ओढायची क्षमता 5,000 पौंड असते आणि लोक तेवढाच आकडा धरून बसतात. पण ड्रायव्हरचं दार उघडलं की चौकटीवर एक स्टिकर असतो, त्यात माणसं आणि सामान मिळून किती वजन चालेल ते लिहिलेलं असतं. आमच्या गाडीचा तो आकडा 1,350 पौंड होता. आम्ही चार मोठी माणसं, दोन मुलं आणि त्यांच्या सीटा मिळून साधारण 715. भरलेल्या ट्रेलरचं वजन 5,600 पौंड धरलं, तर त्याच्या 10 ते 15 टक्के भार हिचवर, म्हणजे ट्रेलर गाडीला जिथे जोडतात तिथे, गाडीच्या मागच्या अंगावर यायला हवा. कमी पडला तर ट्रेलर हायवेवर शेपटीसारखा हलायला लागतो. 12 टक्क्यांनी धरले तरी 672 पौंड झाले. बेरीज 1,387. म्हणजे कुकर आणि पोह्यांची पिशवी ठेवायच्या आतच गाडी ओव्हरलोड. ओढायची क्षमताही कधीच ओलांडली होती, ते वेगळंच. शेवटी आम्ही एक जुनी शेवरले सबर्बन घेतली, जास्त वजन ओढणारी मोठी गाडी. ट्रेलरच्या बजेटमध्ये गाडीचे पैसे धरले नव्हते, ते धरा. आणि ट्रेलर घेतल्यावर एकदा सगळं भरून ट्रकवाल्यांच्या वजनकाट्यावर नेऊन आणा. थोड्याशा डॉलरमध्ये सगळे तर्क संपतात.

मुलं ट्रेलरमध्ये बसून प्रवास करतील असं कोणी सुचवलं तर ऐकू नका. बऱ्याच राज्यांत ते बेकायदा आहे, आणि जिथे कायदा नाही तिथेही मी बसवणार नाही.

आता तुमच्या नवऱ्याच्या 31 फुटी एअरस्ट्रीमकडे येते. आम्हीही एक बघायला इंडियानात गेलो होतो. मॉडेल सॉव्हरिन, सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची, इतकी घासलेली की तिच्यात बघून भांग पाडावा. नवरा फोटो काढत सुटला. सासरे तेव्हा इथेच होते. तीस वर्षं एसटीच्या वर्कशॉपमध्ये काढलेला माणूस. त्यांनी माझी योगाची चटई मागितली, ती जमिनीवर टाकली आणि खाली सरकले. दहा मिनिटांनी बाहेर आले ते हातात कुजक्या लाकडाचा भुगा घेऊनच. "वरची कल्हई काय बघताय, बूड गेलंय."

ते बूड का जातं हे समजून घ्या. एअरस्ट्रीममध्ये खाली लोखंडी सांगाडा, त्यावर प्लायवूडची फरशी आणि त्यावर ॲल्युमिनियमचं कवच असतं. कवच आणि सांगाडा यांना धरून ठेवणारे बोल्ट त्या प्लायवूडमधूनच जातात. मागच्या बंपरपाशी पाणी आत शिरलं की फरशीची कड कुजते, बोल्टांना धरायला काही उरत नाही आणि सांगाड्याचा मागचा भाग कवचापासून सुटून खाली लोंबायला लागतो. बाथरूम मागे असली की मैल्याच्या टाकीचं वजनही तिथेच, त्यामुळे सत्तरच्या दशकातल्या लांब मॉडेलांत हे दुखणं फार. परीक्षा सोपी आहे. एकाने मागच्या बंपरवर उभं राहून हलकेच दाबायचं, दुसऱ्याने कवच आणि बंपरच्या सांध्यावर डोळा ठेवायचा. दोन्ही एकत्र हलले तर ठीक. बंपर एकटाच हलला तर विकणाऱ्याला धन्यवाद द्या आणि निघा. मग स्क्रूड्रायव्हर घेऊन कोपऱ्यांतली फरशी टोचा: बाथरूममध्ये, दाराच्या आत, पुढच्या सोफ्याखाली, गीझरच्या कपाटात. नवीन व्हिनाइल अंथरलेलं असेल तर जास्तच संशय घ्या. त्या सॉव्हरिनला नवंकोरं, लाकडी दिसणारं व्हिनाइल होतं.

दुसरी गोष्ट एक्सल. 1961 नंतरच्या एअरस्ट्रीमला पाट्यांच्या स्प्रिंगा नसतात, एक्सलच्या नळीत रबराचे दांडे असतात आणि तेच धक्का खातात. रबर पंचवीस-तीस वर्षांत कडक होतं. ट्रेलर रिकामा उभा असताना एक्सलपासून चाकाकडे जाणारा लोखंडी दांडा खाली झुकलेला दिसायला हवा. आडवा किंवा वर गेलेला असेल तर एक्सल संपला, मग रस्त्याचा प्रत्येक खड्डा थेट कवचाला जातो आणि आतले रिव्हेट एकेक सुटायला लागतात. एक्सल बदलता येतो, नव्यासोबत नवे ब्रेकही मिळतात, म्हणून यावरून ट्रेलर नाकारू नका, भाव पाडा. मोठ्या ट्रेलरला असे दोन एक्सल असतात, खर्चही दुप्पट.

एअरस्ट्रीमच हवी का? नको. त्या नावाचे आणि त्या चकाकीचे पैसे लागतात. एअरस्ट्रीमचीच 24 फुटी ट्रेडविंड किंवा 26 फुटी ओव्हरलँडर चांगल्या अवस्थेत मिळाली तर जरूर बघा, पण त्याच कारागिरीचे चुलत भाऊही आहेत. आमच्या मिशिगनमध्ये बेंटन हार्बरला एव्हिऑन बनत. तिच्या ॲल्युमिनियमवर ॲनोडायझिंग, म्हणजे कारखान्यातच चढवलेला संरक्षक थर, असतं, त्यामुळे घासूनपुसून आरसा करायची हौस भागत नाही पण वेळही जात नाही. फक्त ती वजनाला जड. कॅलिफोर्नियाच्या सिल्व्हर स्ट्रीक आणि स्ट्रीमलाइनही याच घराण्यातल्या, तुमच्याकडे पूर्वेला कमी दिसतील. स्पार्टन मात्र नुसती बघून या. दुसऱ्या महायुद्धानंतर तेलवाल्या जे. पॉल गेटीच्या टुल्सातल्या विमान कारखान्यात त्या बनायला लागल्या. आत लाकडी कपाटं, विमानासारखी पुढची वळलेली मोठी खिडकी, बघूनच वेड लागतं. पण ती घरासारखी एका जागी ठेवून राहायची वस्तू आहे, दर शुक्रवारी पोरं घेऊन ओढायची नाही.

शास्तासारख्या, म्हणजे इथे ज्यांना कॅन्ड हॅम म्हणतात त्या गोल पाठीच्या ट्रेलरमधली मोठी मॉडेलंही मिळतात. त्यांचा सांगाडा लाकडी पट्ट्यांचा, वर पातळ पत्रा. खिडकीखालच्या कोपऱ्यांत हाताने दाबा. मऊ लागलं किंवा आतल्या प्लायवर काळसर डाग दिसले तर आतलं लाकूड गेलेलं आहे, आणि दिसतं त्याच्या चौपट गेलेलं असतं. बोलर, स्कॅम्प या ट्रेलरांचं फायबरग्लासचं कवच कुजत नाही, पण सहा जणांना ते आगपेटी आहेत.

आम्ही शेवटी घेतली ती अर्गोसी, 26 फुटी, बाथरूम मधोमध असलेली. एअरस्ट्रीमनेच सत्तरच्या दशकात ओहायोतल्या व्हर्सायमध्ये काढलेली, रंग दिलेली, म्हणून तुलनेने स्वस्त. पुढच्या कोपऱ्यांना वळलेल्या काचा असतात, त्या फुटल्या तर मिळणं अवघड, म्हणून त्या आधी तपासा. तिची पुढची-मागची घुमटाकार टोकं ॲल्युमिनियमची नसून गॅल्व्हनाइज्ड पोलादाची असतात आणि ती गंजतात. खिशात फ्रीजवरचं लोहचुंबक ठेवा. टोकावर जिथे ते चिकटत नाही तिथे कोणीतरी पुट्टी भरून रंग मारलाय. आमच्यात अशा दोन जागा निघाल्या, त्यावर दोनशे डॉलर कमी झाले. श्रेय अर्थात सासऱ्यांनी घेतलं.

26 फूट म्हणजे आत 26 फूट नव्हे हेही लक्षात घ्या. पुढचा हिचचा त्रिकोण त्यात धरलेला असतो, आतून तीनेक फूट वजा करा. आणि तुमच्या सोसायटीच्या नियमात ड्राइव्हवेवर ट्रेलर चालतो का, ते आजच बघा.

मुलांच्या दृष्टीने तीन गोष्टी, ज्या जाहिरातीत कोणी लिहीत नाही. अमेरिकेत घरगुती रंगात शिसं वापरायला 1978 मध्ये बंदी आली. त्याआधीच्या ट्रेलरच्या आत मूळ रंग असेल तर आधी तपासणी करून घ्या, बाळ रांगायच्या वयाचं असताना घरच्या घरी खरवडत बसू नका. दुसरं, गॅस. जुन्या नळ्या, जुना गॅसवरचा फ्रीज, आत ऊब देणारी जुनी भट्टी, आणि काही ट्रेलरांत भिंतीवर गॅसचा दिवासुद्धा असतो. सगळी लाइन जाणकाराकडून दाब देऊन तपासून घ्या, दिवा कायमचा बंद करा आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म पहिल्या दिवशी लावा. तिसरं, सांडपाणी. त्या काळच्या कित्येक ट्रेलरांत संडासाची टाकी असते, पण बेसिन आणि अंघोळीच्या पाण्याला टाकीच नसते. ते सरळ जमिनीवर सोडायची तेव्हा रीत होती. आता कॅम्पग्राउंड ते चालवून घेत नाहीत. एका बाळाची अंघोळ आणि सहा जणांची खरकटी भांडी म्हणजे दिवसाला किती बादल्या, हिशेब करा. टाकी नंतर बसवता येते, पण सांगाड्यात जागा करावी लागते. आधीच्या मालकाने बसवलेली असेल तर त्या ट्रेलरला मी हजारभर डॉलर जास्त देईन.

कागद नीट बघा. टायटलवरचा, म्हणजे मालकीच्या कागदावरचा नंबर आणि ट्रेलरवरचा नंबर जुळला पाहिजे. "टायटल हरवलंय, पण काही प्रॉब्लेम येत नाही" म्हणणाऱ्याला काही प्रॉब्लेम येत नाही, तुम्हाला येतो.

पैसे द्यायच्या आधी सगळ्यांना घेऊन जा आणि तासभर त्याच्यात राहा. मोठ्या मुलाला बंकवर, म्हणजे वरच्या पलंगावर चढवा, तुम्ही पलंगावर आडव्या व्हा, नवऱ्याला ओट्यापाशी उभा करून त्याच्या मागून बाथरूमला जाऊन बघा. आई-बाबा भारतात असतील तर व्हिडिओवर पलंगाची उंची आणि दाराची पायरी दाखवा. गुडघे दुखणाऱ्या माणसाला ती पायरी सगळ्यात आधी दिसते.

आणि शास्ता इतक्यात विकू नका. आम्ही विकली, कारण वाटलं अर्गोसी दोन महिन्यांत तयार होईल. मागची चार फूट फरशी, एक्सल आणि गॅसची लाइन यात चौदा महिने गेले, त्यात बाळ दोन महिन्यांचं असताना नवरा गॅरेजमध्ये प्लायवूड कापत होता आणि आमचं बोलणं फक्त डायपरपुरतं उरलं होतं. तुमचं बाळ ऑक्टोबरमध्ये येणार, मग थंडी. त्यामुळे पुढचा उन्हाळा शास्ता आणि शेजारी एक मोठा तंबू असाच धरून चाला. बऱ्याच स्टेट पार्कांत एका साइटवर ट्रेलरसोबत एक तंबू चालतो, बुक करताना विचारून घ्या. आई-बाबांना शास्तात झोपवा. तंबूत तुम्ही.