सिद्धान्त मांडण्याआधीची आकडेमोड

प्रिय,

अनेक आशीर्वाद. तुझे पत्र आणि सोबतचा मसुदा दोन्ही सावकाश वाचले. दीर्घिकांचे नकाशे काढणाऱ्या डेसी प्रकल्पाने मार्च 2025 मध्ये जाहीर केलेल्या निष्कर्षांवरून कृष्ण ऊर्जा, म्हणजे विश्वाचे प्रसरण वेगवान करणारी ऊर्जा, काळानुसार बदलते असे धरायचे आणि त्यासाठी एक नवे स्केलर क्षेत्र (प्रत्येक बिंदूला केवळ एक संख्या असणारे क्षेत्र) सुचवायचे, असा तुझा बेत आहे. बेत वाईट नाही. मात्र ते निष्कर्ष कशाच्या आधारावर उभे आहेत, याबद्दल मसुद्यात एक ओळही नाही, आणि माझी हरकत एवढीच आहे.

डेसीने कृष्ण ऊर्जा थेट मोजलेली नाही. बाल्यावस्थेतील तप्त विश्वातून ज्या ध्वनिलहरी धावल्या, त्यांचा ठसा दीर्घिकांच्या मांडणीत उरला आहे आणि आजच्या मापाने त्याची लांबी सुमारे 147 मेगापार्सेक (जवळपास 48 कोटी प्रकाशवर्षे) भरते. 1 कोटी 40 लाखांहून अधिक दीर्घिका आणि क्वेसार यांच्या नोंदींवरून ही मोजपट्टी निरनिराळ्या काळांत केवढी दिसते, ते ठरवले गेले. एवढ्या प्रचंड खटाटोपातून हाती येतात ती अंतरांची अवघी 13 मापे. त्यांना पार्श्वभूमी प्रारणाची, म्हणजे त्या बाल्यावस्थेतील विश्वातून उरलेल्या प्रकाशाची, जोड दिली, तर बदलत्या कृष्ण ऊर्जेकडे 3.1 सिग्मा (निव्वळ योगायोगाची शक्यता किती कमी, याचे हे माप) इतका कल दिसतो; अतिनवताऱ्यांची, म्हणजे स्फोट होऊन उजळलेल्या ताऱ्यांची, यादीही जोडली, तर कोणती यादी घेतली त्यानुसार तोच कल 2.8 पासून 4.2 पर्यंत सरकतो. तू मसुद्यात फक्त 4.2 लिहिले आहेस. ते खोटे नाही, पण तीन याद्यांपैकी सर्वांत सोयीची तेवढी उचललेली आहे.

आता तुझ्या क्षेत्राकडे वळू. त्याचा दाब म्हणजे गतिज ऊर्जा वजा स्थितिज ऊर्जा, आणि घनता म्हणजे त्याच दोहोंची बेरीज. दाब आणि घनता एकत्र मिळवून पाहा: स्थितिज ऊर्जा कटते आणि क्षेत्राच्या बदलाच्या दराचा वर्ग तेवढा उरतो. वर्ग ऋण होत नाही, म्हणून घनता धन असेतोवर दाब आणि घनता यांचे गुणोत्तर −1 च्या खाली उतरू शकत नाही; कृष्ण ऊर्जा स्थिर असेल, तर ते नेमके −1 असते. डेसीच्या विश्लेषणातील या गुणोत्तराची सर्वोत्तम रेषा मात्र भूतकाळात −1 च्या खाली जाते. म्हणजे ज्या निष्कर्षाच्या समर्थनार्थ तू हे क्षेत्र आणलेस, तो शब्दशः घेतला तर तुझेच क्षेत्र बाद होते! पाठीमागच्या कोऱ्या कागदावर तीन ओळींत होणारे हे गणित मसुद्याच्या आधी व्हायला हवे होते.

तरीही एवढ्यावरून मसुदा फाडून टाकू नकोस, कारण खरी गंमत पुढे आहे. ती रेषा निसर्गाने काढलेली नाही, आपण काढली आहे: गुणोत्तर विश्वाच्या आकारमानाबरोबर सरळ रेषेत बदलते, असे सोयीसाठी धरलेले असते. −1 ला कधीही न ओलांडणारे, दीर्घकाळ गोठून राहिलेले आणि अलीकडेच हलू लागलेले क्षेत्र या साच्यात बसवले, तर रेषा मागच्या काळात −1 खाली गेलेली दिसू शकते. तेव्हा त्या रेषेच्या दोन आकड्यांशी (आजचे गुणोत्तर आणि त्याच्या बदलाचा दर) आपले क्षेत्र जुळवत बसण्यापेक्षा, क्षेत्राचे समीकरण सोडवून येणारी अंतरे थेट त्या 13 मापांशी ताडून पाहा.

हे मी उंटावरून शेळ्या हाकत सांगत नाही. डिसेंबर 2015 मध्ये एलएचसी या कण एकमेकांवर आदळवणाऱ्या यंत्रावरील दोन्ही मोठ्या प्रयोगांना 750 जीईव्ही ऊर्जेपाशी फोटॉनच्या जोड्या किंचित जास्त दिसल्या, तेव्हा पुढील काही महिन्यांत त्यावर सुमारे पाचशे शोधनिबंध आले. मीही रात्री जागून एक प्रतिरूप उभे केले होते. दोन्ही प्रयोगांचे आकडे परस्परांशी कितपत जुळतात, हे तपासायला मात्र मला सवड झाली नव्हती. ऑगस्ट 2016 मध्ये अधिक नोंदी आल्या आणि तो उंचवटा नाहीसा झाला. माझी टिपणे अजून कपाटात आहेत.

डेसीची ती अंतरे आणि त्यांच्या त्रुटींचे परस्परसंबंध सर्वांसाठी खुले आहेत. प्रथम कृष्ण ऊर्जा स्थिर धरून स्वतः जुळणी कर, मग तुझे क्षेत्र घाल, आणि त्यानंतर एकेक माप वगळून उत्तर किती हलते ते पाहा. अतिनवताऱ्यांच्या याद्यांचेही तसेच करावे लागेल. त्यांतील जवळच्या, कमी ताम्रसृतीच्या (ज्यांचा प्रकाश विश्वाच्या प्रसरणाने तांबड्याकडे कमी सरकला आहे अशा) ताऱ्यांकडे अधिक बारकाईने पाहा. न्यूट्रिनो या अतिहलक्या कणांचे वस्तुमान तूर्त स्थिर ठेव, नाहीतर सगळा गुंता एकाच वेळी अंगावर येईल.

कोणते माप वगळल्यावर उत्तर सर्वांत जास्त हलले, तो आलेख आधी पाठव. मसुद्याबद्दल त्यानंतर बोलू.

तुझा शुभचिंतक