सांगलीतली टीम लीडची पाटी नेदरलँड्समध्ये चालेल का?

तुझा प्रश्न लांबलचक होता, म्हणून आधी थोडक्यात मांडते. वय २८. विश्रामबागेतल्या एका छोट्या एजन्सीत पाच वर्षं गूगल आणि मेटाच्या जाहिराती सांभाळतोस, आता हाताखाली तिघं आहेत. ग्राहक म्हणजे मिरजेतली हॉस्पिटलं, अकरावी-बारावीचे क्लास, एक ट्रॅक्टरचं शोरूम आणि हळद पावडर ऑनलाइन विकणारा एक व्यापारी. आता नेदरलँड्सला जायचंय, पण टीम लीड म्हणूनच, कारण ‘एक पायरी खाली उतरायचं तर इथं काय वाईट आहे, ताई?’ बायको बी.फार्म, वय २६, तिचं काय होईल हेही विचारलंयस.

लीड म्हणूनच जायचं, हा हट्ट सोड. मी युट्रेक्टमध्ये एका एजन्सीत पीपीसीची, म्हणजे क्लिकमागं पैसे मोजायच्या जाहिरातींची, टीम चालवते, माणसं निवडायचं कामही माझ्याकडेच असतं. थेट भारतातून आलेल्या माणसाच्या हातात पहिल्या दिवशी टीम द्यायला मीसुद्धा धजणार नाही, मग तो सांगलीचा असो नाहीतर बंगळूरचा. त्याचं काम कच्चं असतं म्हणून नव्हे. इथं टीम चालवायची तर कामगार कायदा माहीत लागतो आणि माणसांशी इथल्या रीतीनं बोलता यावं लागतं, आणि या दोन्ही गोष्टी इथं राहिल्याशिवाय अंगवळणी पडत नाहीत. शिवाय तुमच्या एजन्सीतल्या ‘लीड’ या पाटीचा अर्थ इथल्या कंपनीला लावता येत नाही. महिन्याला किती बजेट तुझ्या हातून गेलं आणि त्यातून काय निघालं, एवढंच तिला वाचता येतं. सीनिअर स्पेशालिस्ट म्हणून अर्ज कर.

दुसरं कारण वयाचं, आणि ते जास्त निकडीचं आहे. आपल्यासारखी माणसं इथं बहुतेक ‘केनिसमिग्रांट’, म्हणजे उच्चकुशल स्थलांतरिताच्या परवान्यावर येतात. त्यासाठी कंपनी आयएनडीकडे, म्हणजे इथल्या इमिग्रेशन खात्याकडे, मान्यताप्राप्त प्रायोजक म्हणून नोंदलेली लागते आणि पगार ठरवून दिलेल्या रकमेच्या वर लागतो. रक्कम दर वर्षी बदलते. २०२५ मध्ये तिशीच्या आतल्यांसाठी ती महिन्याला ४,१७१ युरो होती आणि तिशीच्या पुढच्यांसाठी ५,६८८ युरो, सुट्टीचा भत्ता सोडून. तुझ्या अनुभवाच्या स्पेशालिस्टला पहिला आकडा देणारी कंपनी शोधली तर सापडते. दुसऱ्या आकड्याला पोचायचं तर लीडचाच पगार लागतो, आणि लीडची जागा तर तुला बाहेरून कोणी देणार नाही. म्हणजे तिशी ओलांडलीस की दोन्हीकडून अडकलास. लीडची जागा मिळेपर्यंत थांबायचं, हा तुझा बेत म्हणूनच मला धोक्याचा वाटतो.

प्रायोजकांची यादी आयएनडी उघड प्रसिद्ध करते. अर्ज करण्याआधी कंपनीचं नाव तिच्यात आहे का, ते बघ. लहान एजन्सी बहुधा नसतात, मग तुझा अर्ज कितीही चांगला असला तरी त्यांना या परवान्यावर तुला बोलावता येत नाही. मोठ्या ई-कॉमर्स कंपन्या, प्रवासाच्या कंपन्या (बुकिंग डॉट कॉमचं मुख्यालय ॲमस्टरडॅमलाच आहे) आणि अनेक देशांची खाती सांभाळणाऱ्या एजन्सी, यांच्याकडे आधी वळ. या ठिकाणी कामाची भाषा इंग्रजी असते. डच जाहिरातीचा मजकूर डच माणूसच लिहितो, तो तुला कोणी मागणार नाही. तरी डच शिकायला लाग. पाच वर्षांनी कायम वास्तव्याचा परवाना मागताना भाषेची परीक्षा असतेच, आणि जेवणाच्या टेबलावर सगळे डचमध्ये हसत असताना आपण नुसतं हसरं तोंड करून बसणं फार दिवस बरं वाटत नाही.

पगाराचा हिशेब करताना ‘३० टक्के’ सवलत धर, पण तिच्यावर घर बांधू नकोस. परदेशातून बोलावून आणलेल्या कर्मचाऱ्याच्या पगाराचा एक भाग पाच वर्षांपर्यंत करमुक्त मिळतो. २०२७ पासून तो भाग २७ टक्के होतोय, आणि त्यासाठीही किमान पगाराची वेगळी अट आहे. ऑफर लेटर हातात पडलं की कंपनी हा अर्ज करणार का, हे लेखी विचार.

बाकीच्या देशांचं विचारलं होतंस. ब्रिटनमध्ये स्किल्ड वर्कर व्हिसासाठी पगाराची सर्वसाधारण अट जुलै २०२५ पासून वर्षाला ४१,७०० पौंड झाली, आपल्या क्षेत्रात ती सुरुवातीला जड जाते. जर्मनीनं जून २०२४ पासून गुणांवर आधारित चान्सनकार्ट सुरू केलंय, तिथं जाऊन नोकरी शोधता येते, पण पीपीसीत जर्मन भाषेवाचून फार ठिकाणी दार उघडत नाही. डब्लिनला गूगलसकट बऱ्याच कंपन्यांची युरोपातली मोठी कार्यालयं आहेत, तिकडंही अर्ज टाक. दुबईचं मला विचारू नकोस, माझा अनुभव नाही.

आता कामाचं. तू पाठवलेल्या सीव्हीत ‘आरओएएस ४ पर्यंत नेला’, म्हणजे जाहिरातीच्या एका रुपयामागं चार रुपयांची विक्री झाली, असं तीन ठिकाणी आहे. इथं त्यावर पुढचा प्रश्न येतो, मार्जिन किती होतं? वीस टक्के मार्जिनच्या मालाला ना नफा ना तोटा व्हायलाच पाच लागतात, म्हणजे चारवर तू ग्राहकाचे पैसे घालवत होतास. साठ टक्के मार्जिन असेल तर चार उत्तमच. हळदीच्या व्यापाऱ्याकडून खरेदीचा भाव, पॅकिंग, कुरिअर आणि परत आलेला माल, एवढे आकडे मागून घे आणि हिशेब नव्यानं लाव. सांगलीचा व्यापारी मार्जिन सांगायला नाखूष असतो, हे मला माहीत आहे. तरी माग. डच ग्राहकही सहजासहजी सांगत नाही. त्यातच एक बारीक गोष्ट. इथं बहुतेक मालावर २१ टक्के व्हॅट असतो. खात्यात १२१ युरोची विक्री दिसली तर ग्राहकाच्या हाती शंभरच येतात. कन्व्हर्जनची, म्हणजे जाहिरातीतून झालेल्या विक्रीची, किंमत करासकट मोजायची की कर सोडून, हे पहिल्याच दिवशी विचारणारा माणूस मला लगेच आवडतो.

त्याच हळदीच्या खात्यातली एक गोष्ट तू ओझरती लिहिलीस, तीच मुलाखतीत सविस्तर सांग. लोकांनी काय शोधल्यावर जाहिरात दिसली ते सांगणारा सर्च टर्म्सचा रिपोर्ट उघडलास तर पैसे जात होते हळदी समारंभाच्या सजावटीवर, हळदीच्या पिवळ्या साड्यांवर, हळदीकुंकवाच्या वाणावर आणि उखाण्यांवर. निगेटिव्ह कीवर्डची, म्हणजे ज्या शब्दांवर जाहिरात दिसायला नको त्यांची, यादी केलीस, मग लग्नसराईत ती पुन्हा तपासलीस. हे आपल्याला फार साधं वाटतं. पण समोरच्याला यातून कळतं की हा माणूस मशीनवर सगळं सोपवून झोपत नाही. बोली लावायचं काम आता बरंचसं गूगलचं स्मार्ट बिडिंग, म्हणजे मशीनच, करतं. परफॉर्मन्स मॅक्स या गूगलच्या जाहिरात-प्रकारात जाहिरात कुठं दिसावी हेही बहुतांशी मशीनच ठरवतं. माणसाकडं उरलंय ते मशीनला खायला काय द्यायचं एवढं, म्हणजे मालाची फीड (नाव, किंमत, फोटो यांची यादी), नेमका मोजलेला निकाल आणि नको त्या गोष्टींना घातलेलं कुंपण.

मुलाखतीत आणखी एक हमखास होतं. समोरचा म्हणतो, मी ग्राहक आहे, मला यातलं काही कळत नाही, जाहिरातीच्या जागेसाठी गूगलवर होणारा लिलाव समजावून सांग. तू मार्केट यार्डातला हळदीचा सौदाच सांग ना. तिथं जो जास्त बोलेल त्याचा माल. गूगलच्या लिलावात नुसतं जास्त बोलून भागत नाही. जाहिरात त्या शोधाला किती लागू आहे, तिच्यावर क्लिक होण्याची शक्यता किती, पुढं उघडणारं पान कसं आहे, हेही जोखलं जातं, आणि द्यायचे असतात ते आपली जागा राखायला लागतील तेवढेच. डच माणसाला लिलाव नवा नाही, आल्समेरला फुलांचा रोज होतो. तिथून गप्पा सुरू होतील.

सांगलीत जे करायला मिळालं नाही, ते जाण्याआधी शिकून घे. पहिलं म्हणजे संमतीचं प्रकरण. मे २०१८ पासून इथं जीडीपीआर, म्हणजे खासगी माहिती जपण्याचा युरोपचा कायदा, लागू आहे. वेबसाइटवरच्या बॅनरवर माणसानं नकार दिला की जाहिरातीसाठी माग काढणारी कुकी टाकायची नाही. मार्च २०२४ पासून युरोपातल्या वापरकर्त्यांसाठी गूगलनं कन्सेंट मोडची, म्हणजे हा होकार-नकार गूगलला कळवणाऱ्या सोयीची, दुसरी आवृत्ती मागायला सुरुवात केली. गूगलच्या टॅग मॅनेजरमध्ये ती बसवता आली पाहिजे आणि नकारामुळं न दिसलेली कन्व्हर्जन अंदाजानं कशी भरली जातात, ते सांगता आलं पाहिजे. दुसरं, सीएसएस, म्हणजे किंमत-तुलना सेवा. युरोपियन कमिशननं २०१७ मध्ये गूगलला २.४२ अब्ज युरोचा दंड केला, स्वतःच्या शॉपिंग सेवेला झुकतं माप दिलं म्हणून. तेव्हापासून युरोपात शॉपिंग जाहिराती किंमत-तुलना सेवांमार्फत चालतात, गूगल शॉपिंग ही त्यातली फक्त एक. आपल्याकडं याचा संबंधच येत नाही, त्यामुळं भारतातून आलेले उमेदवार इथं हमखास गप्प होतात.

तिसरं तर तुला सांगलीत बसूनच करता येईल. मिरजेच्या हॉस्पिटलकडे फॉर्म भरून चौकशी करणाऱ्यांपैकी खरोखर ऑपरेशनला किती आले, हे आज तुम्ही कोणी मोजत नाही. फॉर्ममध्ये एक लपलेला रकाना ठेवून जीसीएलआयडी, म्हणजे गूगलवरच्या त्या क्लिकचा ओळखक्रमांक, साठवा, रिसेप्शनवरच्या बाईंना शीटमध्ये ‘आले’ किंवा ‘नाही’ एवढंच लिहायला सांगा, रुग्णाचं नाव आणि आजार त्यात नको, आणि तेवढंच गूगल ॲड्समध्ये परत चढवा. तीन-चार महिन्यांत कुठल्या कीवर्डवरून नुसत्या चौकश्या येतात आणि कुठल्यावरून माणसं, ते दिसायला लागेल. सीव्हीत हे एक काम तुझ्या सगळ्या प्रमाणपत्रांपेक्षा जड पडेल. गूगलच्या स्किलशॉपची प्रमाणपत्रं असू देत, पण ती सगळ्यांकडेच असतात.

टीम चालवण्याचं थोडं सांगते, म्हणजे मी वर ‘धजणार नाही’ का म्हणाले ते कळेल. तुझ्या हाताखालची तिघं तुला दादा म्हणतात, रात्री साडेनऊला फोन केला तरी उचलतात. इथं सहानंतर फोन केलास तर दुसऱ्या दिवशी एचआरकडून विचारणा होऊ शकते. माझ्या टीममधली दोघं आठवड्याला चारच दिवस काम करतात, एक जण बुधवारी मुलांना सांभाळतो, आणि यात कुणाला काही वावगं वाटत नाही. कुणी आजारी पडलं तर काय झालंय, हे साहेबानं विचारायचं नसतं. कधीपर्यंत येशील आणि हातातलं काम कुणाकडं देऊ, एवढंच विचारायचं. आजारपणात कंपनीला दोन वर्षांपर्यंत पगाराचा किमान ७० टक्के भाग द्यावा लागतो. काम जमत नाही म्हणून कुणाला काढायचं तर महिनोन् महिने लेखी नोंदी ठेवाव्या लागतात, सुधारायची संधी द्यावी लागते. आणि नुकतीच शिक्षण संपवून आलेली मुलगी भर मीटिंगमध्ये, ग्राहकासमोर, ‘मला हे पटत नाही’ असं तोंडावर म्हणते. तिच्या मनात अपमानाचा लवलेश नसतो. आपल्याला मात्र कानशिलं तापल्यासारखी वाटतात. हे सगळं आधी टीममध्ये राहून बघितलेलं बरं.

कागदांना आजच हात घाल. इथं पालिकेत नाव नोंदवताना जन्मदाखला लागतो, तोही अपोस्टिल केलेला, म्हणजे परदेशात चालावा म्हणून सरकारी शिक्का मारलेला. तुझ्या वयाच्या बऱ्याच जणांच्या मूळ नोंदीत बाळाचं नावच नसतं, नुसतं ‘मुलगा’ आणि आईवडिलांची नावं. नाव चढवून घ्यायचं, मग राज्य सरकारचं साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल. लग्नाच्या दाखल्याचंही तेच. पासपोर्ट, दाखला आणि डिग्रीवरच्या स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक असला तरी आत्ताच दुरुस्त कर. घराचं बोलायचं तर, टंचाई भयंकर आहे. बरेच घरमालक भाड्याच्या तिप्पट पगार दाखवा म्हणतात. ‘या पत्त्यावर नाव नोंदवायचं नाही’ अशी अट घालणाऱ्याचं घर घेऊ नकोस. पत्ता नोंदला नाही तर बीएसएन, म्हणजे इथला नागरिक सेवा क्रमांक, अडतो आणि त्याच्यावाचून पगाराची सगळी गाडी अडते.

राहिली तुझी बायको. उच्चकुशल स्थलांतरिताच्या जोडीदाराला इथं कामासाठी वेगळा परवाना लागत नाही. औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट म्हणून उभं राहायचं तर मात्र बीआयजी, म्हणजे इथल्या आरोग्य व्यावसायिकांच्या यादीत, नोंदणी आणि चांगली डच लागते, त्यात वर्षं जातात. पण फार्माकोव्हिजिलन्स (औषधांच्या दुष्परिणामांवर नजर ठेवणं), क्लिनिकल डेटा, औषधांच्या मंजुरीची कागदपत्रं, ही कामं इंग्रजीत चालतात, आणि लायडनच्या बायोसायन्स पार्कमध्ये अशा कंपन्यांची रांग आहे. तिलाही आत्तापासून अर्ज टाकायला सांग. तिची नोकरी आधी लागली तर पगाराची अट तिला पाळायची, तू जोडीदार म्हणून येशील, आणि मग ती छोटी एजन्सीसुद्धा तुला घेऊ शकेल जिचं नाव आयएनडीच्या यादीत नाही.